उरलेला वायसर

राजूर, ता. अकोले
१२ नोव्हेंबर २०२५

चि. अंगदभाऊजी यांस,

सविताचे आशीर्वाद. आरतीलाही सांगा. इकडे आई, आमची लेक नंदू, तुमचे दादा, सगळे खुशाल आहोत. तुम्ही दोघं दिवाळीला याल असं आईंना शेवटपर्यंत वाटत होतं. तुमच्या वाटच्या करंज्या त्यांनी डब्यात झाकून ठेवल्या होत्या. परवा नंदूने संपवल्या.

पाकीट बघून दचकला असाल. आजकाल पत्र कोण लिहितं! पण आपलं घर तुम्हाला माहीत आहे. गॅरेजचं दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पडदा. फोनवर कुजबुजले तरी तिकडे गाडीखाली झोपलेल्या माणसाला ऐकू जातं. मेसेज करावा तर मोबाईल एकच, तोही दिवसभर दुकानाच्या टेबलावर. म्हणून लिहायला बसले. उत्तर पाठवलंत तर पाकिटावरचं नाव आरतीला घालू द्या. तुमचं अक्षर हे लांबून ओळखतात.

भात निघालं, झोडून घरात आलं. पेंढा रचायला आईंनी यंदाही कुणाला हात लावू दिला नाही. दुकान बरं चाललंय. सुट्टीच्या दिवशी भंडारदऱ्याला मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. उतारावर सारखा ब्रेक दाबून त्यांच्या डिस्क तापतात आणि मग ते आपलं दार शोधत येतात. तुम्ही गेल्यापासून पेडल दाबायला मीच बसते. हल्ली नुसतं पेडल नाही, ब्रेकमधली एअर काढायलाही येते मला. ब्रेकच्या तेलाचा होज पाइप सोडते, डिस्क पकडणारा कॅलिपर साफ करते. गिऱ्हाइकं आधी हसायची, आता हसत नाहीत.

तेच एक विचारायचं होतं. कॅलिपरला होज पाइप लावताना तो जो पोकळ बोल्ट असतो, बँजो बोल्ट, त्याच्या खाली-वर तांब्याचा एक-एक वायसर, पातळ कडी, बसतो. तो वायसर दबून बसला हे हाताला कसं कळतं? हे म्हणतात, कळतं. म्हणतात, तांबं मऊ असतं, आवळताना आधी नुसतं सरकल्यासारखं होतं, मग पाना जड होतो, तिथंच थांबायचं. कमी आवळला तर तेल पाझरणार, जास्त आवळला तर पोकळ बोल्टाची मान मोडणार. तुमच्या चाकणच्या कारखान्यात दिवसभर हेच काम चालतं ना? तिथं हातावर सोडतात का, की काही मोजून आवळतात? आणि समजा, एखाद्याच्या हाताला ते कळेनासं झालं, तर दुसऱ्या कशावरून ओळखता येतं का?

मी आपलं शिकतेय म्हणून विचारलं.

तुमच्या दादांची तब्येत छान आहे. परवा तापलेल्या सायलेन्सरला हात टेकला आणि थोडं भाजलं, एवढंच. तेही मला वास आला म्हणून मी ओरडले. आता दुकानात शर्ट घालत नाहीत, गोल गळ्याचा बनियनसारखा सदराच घालतात. गुंड्यांचा कंटाळा येतो म्हणे. चहा पेल्यात मागतात, कपाचा कान नको म्हणतात. वय झालं की माणूस तऱ्हेवाईक होतो, पण पन्नाशीही गाठली नाही अजून.

काळजी करण्यासारखं काही नाही. उत्तर मात्र लवकर पाठवा.

तुमची वहिनी,
सविता

•

राजूर
२४ नोव्हेंबर २०२५

चि. अंगदभाऊजी,

आशीर्वाद. तुमचं पत्र पोचलं. तुम्ही उत्तरात एकही गोष्ट शिकवली नाही, उलट मलाच विचारलंत, "वहिनी, दादाच्या हाताला काय झालं?" ते वाचलं आणि मी कागद चोळामोळा करून चुलीत टाकला. मग वाटलं, माझं पत्रच तसं होतं. कुणीही ओळखलं असतं.

तुमचा फोनही आला होता. मी समोरच होते. यांनी नाव बघितलं आणि मोबाईल पालथा ठेवला.

आता लिहिते. खरं तर हे आधीच सांगायला हवं होतं, पण त्यांनी मला नंदूच्या डोक्यावर हात ठेवायला लावला होता. "अंगदला कळता कामा न्हाई," एवढंच त्यांचं म्हणणं. उन्हाळ्यापासून त्यांच्या उजव्या हाताची बोटं बधिर होत चालली आहेत. आधी करंगळी, मग सगळीच, आता डाव्या हाताचीही. संगमनेरला दाखवलं. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, मानेत मज्जारज्जू दबलाय, नाशिकला जाऊन ऑपरेशन करा. यांनी तो फोटो गादीखाली सरकवला आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं.

तुम्हाला का सांगायचं नव्हतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. त्यांनी आवळलेला बोल्ट तुम्ही गिऱ्हाइकासमोर पुन्हा पाना लावून बघितला होता. त्या दिवशी तुम्ही दोघं जे बोललात ते सगळं मला आठवत नाही. "हात दगा देईल तेव्हा कळेल," हे तुमचं वाक्य तेवढं घरात राहून गेलं. भाऊजी, मी दोष देत नाही. तुम्ही रागात बोललात. पण ते खरं व्हायला लागल्यावर त्यांना तुमचं तोंड बघायचीच भीती बसली.

बोटं बधिर झाल्यापासून ते दुपारी जेवून पडले की मी गुपचूप त्यांनी बसवलेलं प्रत्येक चाक बघत होते. बोल्टाभोवती कोरडं फडकं फिरवायचं, ओलं लागतं का पाहायचं. नवऱ्याच्या पाठीमागे त्याचं काम तपासायचं, हे चोरीसारखं वाटायचं. तरी करत होते. फडकं कोरडं निघालं की जीव खाली पडायचा, दुसरी गाडी आली की पुन्हा वर.

बाजाराच्या आदल्या दिवशी मला आईंना घेऊन अकोल्याला जावं लागलं, त्यांच्या डोळ्यांसाठी. त्याच दिवशी आसारामभाऊंनी त्यांची काळी-पिवळी, उतारूंची जीप, आणली. पुढच्या डाव्या चाकाचा होज पाइप चिरला होता. यांनी एकट्यानेच नवा बसवला, पेडल आसारामभाऊंनीच दाबलं. आम्ही परतलो तेव्हा गाडी गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान झाडत होते. तुम्हाला त्यांची सवय माहीत आहे. पाइप बसवायच्या आधी नवे दोन वायसर पाकिटातून काढून ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणात ठेवायचे. कधी तीन काढणार नाहीत, सांडतील म्हणून. त्या झाकणात एक वायसर होता. नवाकोरा, चकचकीत.

मला आधी कळलंच नाही मी काय बघतेय. मग कळलं. खालचा बसवला, वरचा राहिला. बोटांना फरक कळला नाही. बोल्ट आवळला गेला, एकदा-दोनदा पेडल दाबून तेल दिसलं नाही आणि गाडी दिली. बाजाराचा दिवस, जीप माणसांनी खच्चून भरलेली, आणि पुढे विठा घाटाचा उतार.

हे बाहेर एका गाडीचं चाक फिरवत गुणगुणत होते. विचारलं असतं तर म्हणाले असते, जास्तीचा निघाला असेल. मी मोबाईल उचलला आणि मोरीत जाऊन आसारामभाऊंना लावला. रिंग जाईना, रेंजच नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग घाटाच्या तोंडाशी रंगुबाईंची चहाची टपरी आठवली.

"रंगुमावशी, आसारामभाऊंची जीप गेली का खाली?"

"ही काय, समोर उभी हाय. उतारू घेतोय. का गं?"

"तिला खाली जाऊ देऊ नका. काहीही करा."

"अगं पन झालं काय?"

"ब्रेक, मावशी."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. फोन चालूच राहिला. मला त्यांचा आवाज लांबून ऐकू येत होता, "ए आसाराम, बंद कर गाडी! बंद कर म्हनते ना!"

मग रेंज गेली. यांना मी दळण आणते म्हणाले. पिठाच्या पिशवीत वायसर, पाने, ब्रेक ऑइल आणि एअर काढायची नळी घातली आणि स्कूटी काढली. वाटेत काय मनात आलं ते लिहीत नाही. एवढंच सांगते, प्रत्येक वळणावर मी आधी खाली दरीकडे बघत होते.

पोचले तर काय, रंगुमावशी टपरीचं बाकडं जीपच्या पुढ्यात आडवं टाकून त्यावर पदर खोचून बसल्या होत्या. आसारामभाऊ हातवारे करत होते. उतारू चिडलेले.

"वहिनी, या बाईला समजवा. वाल्मिकदादांच्या हातचं काम हाय. ब्रेक येकदम टाईट लागतोय!"

"भाऊ, मला चाक काढू द्या."

"उशीर व्हतोय लई."

"मग बसा आत आणि पेडल जोरात दाबा. दाबून धरा. मी खालून बघते."

त्यांनी दाबलं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा बोल्टाच्या कडेला तेलाचा थेंब धरला. तिसऱ्यांदा भाऊंनी रागाने लाथ मारल्यासारखं दाबलं आणि तेलाची चिळकांडी माझ्या गालावर आली. पेडल खाली जाऊन टेकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

आसारामभाऊ उतरले आणि रस्त्यावरच बसले. जीपमध्ये कॉलेजच्या पोरी होत्या, तान्हं मूल घेतलेली एक बाई होती, मागच्या फळीवर दोन म्हातारे. त्या बाईने मुलाला पदराखाली घेतलं.

मग मी काम केलं. बोल्ट सोडला, बसायच्या जागा दोन्ही बाजूंनी पुसल्या, दबलेला जुना वायसर फेकला, नवे दोन घातले, पाइपाला पीळ पडू दिला नाही. आवळताना यांनी सांगितलेलं मनात म्हणत होते, आधी सरकतं, मग जड होतं. खरंच तसं झालं, भाऊजी. मला कळलं. पण त्याने बरं वाटलं नाही, रडू आलं. हेच त्यांना आता कळत नाही, हे मला तिथं रस्त्यावर बसून कळलं.

एअर काढली. भाऊंना पुन्हा पुन्हा पेडल दाबायला लावलं, चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून पाइप कुठे घासतो का पाहिलं. कोरडं होतं. तरी मी त्यांना म्हणाले, पहिल्या गिअरवरच उतरा. जीप खालच्या वळणावर दिसेपर्यंत मी तिथंच उभी होते.

निघताना आसारामभाऊंनी विचारलं, "दादांना म्या सांगू का तुमी सांगता?"

मी सांगते म्हणाले.

अजून सांगितलेलं नाही. ते बाहेर बसलेत. आज सकाळपासून आणखी दोन गाड्या आल्या ब्रेकच्या. एकीला मी पार्ट नाही म्हणून परतवून लावलं. दुसरी त्यांनी घेतलीच. सारख्या किती गाड्या परतवून लावणार? आणि त्यांना काय म्हणू? तुमच्या हातून माणसं मेली असती, असं? ज्यांनी आयुष्यभर एक नट ढिला सोडला नाही?

मला सुचेना म्हणून तुम्हाला लिहिलं. शपथ मोडली. नंदूला काही होणार नाही ना, असंही मनात येतं. वेडेपणा आहे, पण येतं.

सविता

•

राजूर
३ डिसेंबर २०२५

चि. अंगदभाऊजी,

आशीर्वाद. तुम्ही लगेच निघतो म्हणून लिहिलंत, आणि मी आरतीच्या मोबाईलवर नंदूकडून "थांबा" एवढाच निरोप धाडला. रागावू नका. त्याच दिवशी इथे सगळं उघड झालं आणि तुम्ही तेव्हा दारात उभे राहिला असतात तर त्यांना ते सोसलं नसतं.

मी सांगितलंच नाही. बाजारानेच सांगितलं. जीपमधल्या एका म्हाताऱ्याने पारावर, मग न्हाव्याच्या दुकानात. हे दाढी करायला गेले होते. अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आले, तोंडाला साबण. मी भाकऱ्या थापत होते.

"सविता, आसारामची गाडी घाटात कुनी अडवली?"

मी भाकरी थापतच राहिले.

"तू दळन आनलंच न्हाईस त्या दिशी. मला वाटलं गिरनी बंद आसंल." मग म्हणाले, "येकच टाकला व्हता म्या?"

"व्हय," मी म्हणाले.

आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. हे तसेच दुकानात गेले. मी पिठाच्या हाताने मागे गेले. त्यांनी वायसरचं पाकीट माझ्यासमोर धरलं, तळहात पसरला आणि डोळे मिटले.

"ठेव. येक ठेव, दोन ठेव. मी सांगतो किती हायेत."

मला पाकीट उघडेना. हात पिठाने भरलेले. मी ते पदराला पुसत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "दोन."

भाऊजी, मी अजून काहीच ठेवलं नव्हतं.

खोटं बोलता आलं असतं. जीभ तिथवर आलीही होती. पण मला त्या बाईच्या पदराखालचं मूल दिसलं. मी म्हणाले, "अजून ठेवलाच न्हाई."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. तळहात तसाच होता पसरलेला. बऱ्याच वेळाने मूठ मिटली आणि ते खाली पाटावर बसले. चेहऱ्यावरचा साबण वाळून पांढरा झाला होता. मी ओल्या फडक्याने पुसायला गेले तर पुसू दिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, असा कधी पुसू दिला नव्हता.

संध्याकाळच्या आत ते चालत आसारामभाऊंच्या घरी गेले. मी येते म्हणाले तर नको म्हणाले. काय बोलले ते मला भाऊंकडूनच कळलं. दारात उभे राहून म्हणाले म्हणे, "आसाराम, माझ्या हातून तुझी गाडी दरीत गेली आसती. मला बोटांचं कळत न्हाई आता. तुला न सांगता काम घेतलं, ही माझी चूक." भाऊ त्यांना आत बोलवत होते, हे उंबऱ्याच्या आत गेले नाहीत. तिथून परतताना ज्यांच्या ज्यांच्या गाड्यांचे ब्रेक अलीकडे केले होते त्या सगळ्यांच्या दारात उभे राहिले. लोकांना काय वाटलं असेल कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवसापासून एकेक गाडी आपल्या दारात, फेरतपासणीला. मला वाटलं होतं, एकही येणार नाही.

आणि त्या सगळ्या माझ्या हातात दिल्या त्यांनी.

ते स्वतः सीटवर बसून पेडल दाबतात. खाली मी. पायाला अजून कळतं, म्हणतात, पेडल मऊ लागलं की आत हवा राहिलीय. "पुन्ना काढ एअर," एवढंच बोलतात. एक गाडी सोडून बाकी सगळ्या बरोबर निघाल्या. त्या एका गाडीचा बोल्ट इतका आवळला होता की मी पाना लावताच त्याची मान सुटून हातात आली. ती गाडी शेंडी गावच्या शाळेतल्या बाईंची. रोज मुलांना घेऊन धरणाच्या कडेच्या रस्त्याने येते-जाते. तो तुकडा मी यांना दाखवला नाही. त्यांनी मागितला. बराच वेळ बघत राहिले.

नाशिकची तारीख घेतली आहे, पुढच्या बुधवारची. डॉक्टर म्हणाले, बोटांतली गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. पण ऑपरेशन नाही केलं तर पायही जातील. हे ऐकून हे माझ्याकडे बघून म्हणाले, "पाय तरी ठिवू. पेडलला लागतील." मला हसावं की काय ते कळलं नाही. घाबरलेत ते, भाऊजी. बोलत नाहीत, पण जेवताना घास हातातून पडला की पूर्वी चिडायचे, आता नुसते बघत बसतात.

आणि माझं म्हणाल तर मी त्यांच्याहून जास्त घाबरलेय, हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. लोक आता "वहिनींकडून करून घ्या" म्हणतात. सगळ्यांना वाटतं, घाटात गाडी वाचवली म्हणजे हिला सगळं येतं. एक गाडी गेली की ती कुठवर पोचली असेल याचा हिशोब मनात चालू होतो. आता विठ्याला असेल, आता वळणावर. कुठे जोरात हॉर्न वाजला की हातातलं सुटतं. काल नंदूला वरण वाढताना मी आठवत होते, त्या निळ्या गाडीला दोन्ही घातले ना? घातले होते. आठवतही होतं. तरी उठून झाकण बघून आले. हे असं किती दिवस चालतं? तुम्हाला कारखान्यात असं होतं का? की तुमच्यानंतर दुसरा कुणी तपासतो म्हणून तुम्ही घरी जाऊन झोपता?

माझ्यानंतर तपासायला कुणी नाही. त्यांनी तपासायचं म्हटलं तर त्यांना कळत नाही, आणि डोळ्यांनी बघायला वाकले की मान दुखते.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर ते आपणहून म्हणाले, "अंगदला लिहितीस तू. मला म्हाईत हाय." मी मान खाली घातली. म्हणाले, "त्याला म्हनावं, त्या दिशी बोल्टाला पाना लावलास ते बराबर केलंस. कुनीतरी लावायला पायजेच." मी म्हणाले, फोन करा ना, तुम्हीच सांगा. तर म्हणाले, "फोनवर माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

म्हणून हे पत्र मी अर्धं ठेवते. खालच्या ओळी त्यांनी स्वतः लिहिल्या आहेत. पेन पडत होतं, मी दोनदा उचलून दिलं, धरायला मदत करू का विचारलं तर नको म्हणाले. सकाळचं ऊन पाटावरून भिंतीवर जाईपर्यंत लिहीत होते. अक्षर लागत नसेल तर आरतीला वाचायला सांगा.

तुमची वहिनी,
सविता

अंगद,
बुधवारी नाशकाला ये. मला लई भ्या वाटतंय. हातात पेन हाय का न्हाई ते बोटांना कळत न्हाई, बघून बघून लिवतोय. पन सही माझीच हाय, वळखून घे.
दादा